भाताशिवायचं ताट: ओव्याच्या पानातली रोस्ट कोंबडी

(हा आमच्या ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मागून आलेल्या कुकरच्या शिट्ट्या कापल्या आहेत. बाकी जसंच्या तसं.)

आज कोडबद्दल बोलायचं नाही, इंटरव्ह्यूबद्दल नाही, पगारवाढीबद्दल तर अजिबात नाही. आज स्वयंपाक.

मागे मी एका अख्ख्या भाजलेल्या कोंबडीचा फोटो स्टेटसला टाकला होता. त्यावर जेवढे मेसेज आले तेवढे मला आजवर कुठल्याच प्रोजेक्टवर आलेले नाहीत. "रेसिपी दे." "ओव्हन कुठला?" "कातडीसकट कोंबडी रत्नागिरीत देतात का?" आणि एकानं विचारलं, "भाताशिवाय जेवण? रत्नागिरीत? घरचे अजून बोलतात ना तुझ्याशी?"

बोलतात. पण मध्ये एक रात्र अशी गेली की त्यानंतर बोलले नसते तरी मी तक्रार केली नसती.

रेसिपी देणार आहे, मापासकट. पण त्याआधी माझी एक चूक सांगणार आहे. प्लीज ती ऐकल्याशिवाय रेसिपीवर उडी मारू नका. तुमच्या घरात कुणी शुगरची गोळी घेत असेल तर हा भाग फॉरवर्ड करू नका, पूर्ण ऐका.

बाबा आणि तीन वाट्या भात

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. त्यातली बरीचशी रातराणीवर. रात्री दहाला स्टिअरिंगवर बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, मिळेल तिथे आणि मिळेल तेव्हा जेवायचं. घरी आले की मात्र त्यांचं एकच असायचं: ताटात भाताचा डोंगर, त्यावर माशाचं कालवण, बाजूला तळलेली तुकडी. रिटायर झाल्यावर गाडी सुटली, भात नाही सुटला.

आणि सुटावा तरी का? आमच्या शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेल्या भाताच्या जातींची नावंच 'रत्नागिरी १', 'रत्नागिरी २४' अशी आहेत. भाताला जिल्ह्याचं नाव देणाऱ्या गावात तुम्ही एका माणसाला सांगणार, भात सोड?

मी लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलो आणि नंतर वर्क फ्रॉम होम चालूच राहिलं, म्हणून इथेच राहिलो. गेल्या जूनमध्ये बाबांचे रिपोर्ट आले. एचबीएवनसी ८.९. हा आकडा म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट. ६.५ आणि त्यावर गेलं की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेली गोळी दिली, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक. सोबत सांगितलं, भात कमी करा, चाला.

बाबा काही एकटे नाहीत यात. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशभराच्या अभ्यासाचे आकडे आले. भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. आणखी १५.३ टक्के उंबरठ्यावर, ज्याला प्रीडायबेटिस म्हणतात. त्याच अभ्यासातून २०२५ मध्ये आलेल्या पेपरनुसार आपल्या रोजच्या कॅलरीतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा असतो, म्हणजे भात, पोळी, साखर वगैरे. प्रोटीन मात्र कमी पडतं.

आमच्या ताटाचा हिशोब मी एक्सेलमध्ये केला. शिजलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं. आमची भाताची एक वाटी भरते १५० ग्रॅम, म्हणजे ४२ ग्रॅम. बाबांच्या तीन वाट्या. एकूण १२६. एका जेवणात. वर आंबा असेल तर तो वेगळा, आणि जूनमध्ये आमच्याकडे आंबा असतोच.

माझी चूक

आता इथे मी काय केलं बघा. मी इंजिनियर माणूस. प्रॉब्लेम दिसला, आकडा दिसला, सोल्यूशन दिसलं. आठवडाभर रील्स बघितले, दोन-तीन व्हिडिओ दीड-दीड तासाचे बघितले आणि जुलैच्या पहिल्या सोमवारी जाहीर केलं: आजपासून रात्री भात बंद, भाकरी बंद, पोळी बंद. उकडलेली अंडी, काकडी, पनीर.

बाबा म्हणाले, "दीक्षित डाएट का?" आमच्या गल्लीत दोन काका ते करतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा नियम, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मी म्हटलं, नाही, हे वेगळं आहे. बाबा म्हणाले, "मग ते बरं. दोन वेळा जेवीन, पण दोन्ही वेळा भात."

मी ऐकलं नाही. आई म्हणाली, "अरे, डॉक्टरांना एक फोन कर." मी म्हटलं, भात कमी करायला त्यांनीच सांगितलंय की.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता आईनं माझं दार वाजवलं. बाबा पलंगावर बसले होते, बनियन घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. मी विचारलं, काय होतंय, तर म्हणाले, "गाडी बाजूला घे." तीनदा तेच. "गाडी बाजूला घे."

ग्लुकोमीटर लावला. ५४.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की तिला कमी म्हणतात. ५४ ला मेंदूला साखर पुरत नाही, माणूस गोंधळतो, आणखी खाली गेली तर बेशुद्ध पडू शकतो. बाबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून आईनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. ८१. मग दोन बिस्किटं आणि अर्धा कप दूध. बाबा झोपले. मी आणि आई सकाळपर्यंत त्यांच्या पायाशी बसून होतो. एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. ताटात भात आहे की काकडी, ते गोळीला कळत नाही. ती आपलं काम करते. बाबांची गोळी तीन वाट्या भाताच्या हिशोबानं दिलेली होती. मी भात काढून घेतला, गोळी तशीच ठेवली.

आमच्या भाषेत सांगायचं तर मी टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनमध्ये बदल टाकला. आणि प्रॉडक्शन म्हणजे माझे बाबा.

म्हणून तीन गोष्टी लिहून घ्या. एक: घरात कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागू शकतो. दोन: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असलेल्या गोळ्या चालू असतील तर एकदम कडक लो-कार्ब धोकादायक ठरू शकतं. त्यात साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साठू शकतं. तीन: किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती खायचं हे रील ठरवत नाही, डॉक्टर ठरवतात.

बाबांची रात्रीची गोळी बदलली. आणि डॉक्टर एक वाक्य बोलले: "भात शून्यावर आणू नका, एका वाटीवर आणा. आणि त्या जागी त्यांना आवडेल असं काहीतरी द्या. नुसती जागा रिकामी ठेवलीत तर ते ती भरणारच."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तीन दिवस मी बाबांच्या ताटातून फक्त काढत होतो. ठेवत काहीच नव्हतो.

पोपटीची आठवण

मग ठेवायचं काय? कोंबडी हे उत्तर सोपं होतं. कोंबडीच्या मांसात कर्बोदकं जवळजवळ शून्य. कोंबडी-वड्यातला गुन्हेगार कोंबडी नाही, वडे आहेत. पण आमच्याकडे कोंबडी म्हणजे वाटपाचा रस्सा, आणि रस्सा समोर आला की हात आपोआप भात शोधतो. रस्सा नसलेली, कोरडी, तरीही मऊ कोंबडी हवी होती.

तेव्हा मला अलिबागची पोपटी आठवली. ऑफिसमधला एक मित्र तिकडचा आहे, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्याच्या शेतावर गेलो होतो. रायगडकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वरून परत पाला दाबून भरायचा. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर सगळं शिजतं आणि त्या पाल्याचा वास कोंबडीत उतरतो.

विलायती रोस्ट चिकन म्हणजे तरी दुसरं काय? कोंबडी, पाला आणि बंद जागेतली उष्णता. त्यांचा पाला रोझमेरी आणि थाइम. आपला पाला दारात.

आता थाइम रत्नागिरीत शोधायला मी मारुती मंदिरपासून राम आळीपर्यंत फिरलो. एका दुकानात सुकलेलं मिळालं, छोटी बाटली, किंमत बघून परत ठेवली. घरी येऊन वाचत बसलो आणि कळलं की थाइमच्या वासातला मुख्य भाग म्हणजे थायमॉल नावाचं द्रव्य. आणि थायमॉल आणखी कशात भरपूर असतं? आपल्या ओव्यात! आणि आईच्या पडवीतल्या कुंडीत जे जाडसर, लव असलेलं ओव्याचं पान आहे, ज्याची आपण भजी करतो, काही जण त्याला पाथरचूर म्हणतात, त्यातही थायमॉल आणि त्याचाच भाऊ कार्व्हाक्रॉल. गंमत म्हणजे ओव्याचे दाणे या झाडाचे नाहीत. ते कोथिंबिरीच्या कुळातलं वेगळं झाड. हे पान तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. आणि थाइमसुद्धा त्याच कुळातलं. म्हणजे मी ज्याच्यासाठी गाव फिरलो त्याचं चुलत भावंड आमच्या चपलांच्या शेजारी उभं होतं.

आता रेसिपी

माप चार माणसांचं. कागद-पेन घ्या, किंवा खाली स्क्रोल करत राहा.

कोंबडी: एक, ब्रॉयलर, साफ केल्यावर सव्वा किलोच्या आसपास. गावठी घेऊ नका. गावठीची चव मोठी, पण मांस चिवट, तिला रस्सा आणि वेळ लागतो. दुकानात स्पष्ट सांगा, "अख्खी पाहिजे, कातडी काढायची नाही, पिसं काढून आतून साफ कर." आपल्याकडे विचारल्याशिवाय कातडी सोलतात. आमच्या दुकानदारानं मला दोनदा विचारलं, "नक्की ना?" आणि तिसऱ्यांदा शेजारच्याला सांगितलं, "हा पुण्याला शिकलाय."

आदल्या रात्री: कोंबडी कागदानं टिपून कोरडी करा. अडीच छोटे चमचे मीठ आतून-बाहेरून चोळा. एका ताटलीत ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, उघडी, रात्रभर. खालच्या कप्प्यात अशासाठी की कच्च्या कोंबडीचं पाणी दुसऱ्या कशावर गळू नये. उघडी अशासाठी की कातडी सुकावी. कातडीवर पाणी असेल तर ओव्हनची सगळी उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, आणि पाणी आहे तोवर कातडी लाल होत नाही, नुसती उकडते. माझी पहिली कोंबडी अशीच झाली होती. रंगानं ट्यूबलाइट.

पाल्याचं वाटण: ओव्याची दहा-बारा पानं, मूठभर कोथिंबीर, दहा-बारा पुदिन्याची पानं, दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, एक चमचा भरडलेली मिरी, एका लिंबाचा रस, तीन मोठे चमचे खोबरेल. खायचं खोबरेल, डोक्याचं नाही. (हशा.) पाणी न घालता जाडसर वाटा. यात मीठ घालू नका, ते रात्रीच घातलंय. ओव्याची पानं दहा-बाराच. मी एकदा प्रेमानं तीस घातली होती, आई म्हणाली, "कोंबडीला सर्दी झालेली काय?"

आता महत्त्वाची स्टेप. कोंबडीच्या छातीकडून कातडीखाली हळूच बोटं घाला. कातडी पिशवीसारखी सुटते. पाऊण वाटण या कातडीखाली भरा. उरलेलं पोटात. वरून कातडीला नुसतं थोडं खोबरेल. हिरवं वाटण बाहेर लावलं तर ते आधी करपतं आणि कडू होतं. आत राहिलं तर कातडी त्याचं पांघरूण होते. पोटात पिळलेल्या लिंबाची सालं आणि गवती चहाची एक जुडी गाठ मारून. पाय सुतळीनं बांधा.

ट्रेमध्ये खाली भाज्या: फ्लॉवरचे मोठे तुरे, ढोबळी मिरची, फरसबी, एक कांदा. बटाटा नाही. त्यात १०० ग्रॅमला सतरा-एक ग्रॅम कर्बोदकं असतात, फ्लॉवरमध्ये पाच. भाज्यांवर चिमूटभर मीठ आणि हळद. कोंबडी या भाज्यांवर ठेवा, म्हणजे तिचं तेल भाज्यांवर गळतं.

ओटीजी २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. मग कोंबडी आत. साठ ते सत्तर मिनिटं. घड्याळावर पूर्ण विश्वास नको. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर टोचा, ७४ अंश झाले पाहिजेत. थर्मामीटर नसेल तर मांडी आणि अंगाच्या सांध्यात सुरी टोचून बघा: पाणी स्वच्छ आलं तर झाली, गुलाबी आलं तर परत आत. मग बाहेर काढून पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापलीत तर सगळा रस पाटावर जातो.

आणि मग लाइट गेली

दिवाळी झाल्यावरचा रविवार निवडला. सोमवार नाही, गुरुवार नाही, चतुर्थी नाही, आईनं कॅलेंडर बघून परवानगी दिली. डॉक्टरांना आधी विचारलं होतं. गोळीचं काय, ते लिहून घेतलं होतं. संध्याकाळी सात वाजता कोंबडी आत. वास सुटला. बाबा दोनदा पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येऊन गेले.

सात चाळीसला लाइट गेली.

मी थर्मामीटर टोचला: ६१. ना धड कच्ची, ना धड शिजलेली. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी आणि ट्रे. मी चिडून म्हटलं, झालं, आता भात लाव.

आई शांतपणे म्हणाली, "तुझी आजी धोंडस कशी करायची? तिच्याकडे होता काय तुझा ओटीजी?"

काकडीचं धोंडस ज्यांनी खाल्लंय त्यांना माहीत असेल. जुन्या पद्धतीत पातेलं निखाऱ्यावर, आणि झाकणावरही निखारे. खालून-वरून सारखी उष्णता. म्हणजे ओव्हनच.

आमच्या परसात न्हाणीची चूल अजून आहे. आईनं त्यात नारळाच्या करवंट्या पेटवल्या. करवंटी पटकन पेटते आणि निखारा चांगला धरते. घरातली सगळ्यात मोठी जाड कढई बारीक गॅसवर ठेवली, ट्रेमधल्या भाज्या तळाला, वर कोंबडी, त्यावर लोखंडी तवा उलटा झाकला आणि तव्यावर करवंटीचे निखारे. खिडक्या, मागचं दार सताड उघडं. निखारे घरात आणलेत की हवा खेळती पाहिजेच, हे लक्षात ठेवा.

पंचवीस मिनिटांनी टोचलं. ७६.

आणि खरं सांगू? ओव्हनमध्ये पूर्ण झालेल्या आधीच्या दोन्ही कोंबड्यांपेक्षा ही सरस होती. कातडी कुरकुरीत, करवंटीचा हलका धूर आणि आत ओव्याच्या पानाचा वास. म्हणजे ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी मेसेज करू नका, तुमचं उत्तर हे. कोंबडीचे चार मोठे तुकडे केलेत तर जाड कढईत, घट्ट झाकणाखाली, बारीक गॅसवर पाऊण-एक तासात नुसतंच होईल. शेवटी कातडीची बाजू खाली करून झाकण काढायचं आणि लाल करायची.

तंगडी कुणाची

ताट असं होतं: कोंबडी, खालच्या भाज्या, दही-काकडीची कोशिंबीर, साखर न घातलेली सोलकढी. आणि एक वाटी भात. आधी भाज्या आणि कोंबडी, भात सगळ्यात शेवटी. हा क्रमही फुकटचा नाही. भाजी आणि प्रोटीन आधी खाल्लं तर जेवणानंतर साखर कमी उसळते, यावर अभ्यास झालेले आहेत.

मेणबत्ती लावून जेवायला बसलो. लोक याला कॅन्डललाइट डिनर म्हणतात, आमच्याकडे याला लोडशेडिंग म्हणतात.

मी कोंबडी कापली आणि एक तंगडी बाबांच्या ताटात ठेवली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. आमच्या घरात तंगड्या नेहमी दोन मुलांच्या असायच्या, माझी आणि ताईची. बाबा मान आणि पाठ घ्यायचे. मी लहानपणी समजायचो की त्यांना तेच आवडतं. आई कुठला तुकडा घ्यायची, हे तर मला आठवतही नाही.

बाबांनी ती तंगडी उचलली आणि आईच्या ताटात ठेवली. म्हणाले, "करवंट्या तिनं पेटवल्या."

मी दुसरी त्यांच्या ताटात ठेवली. ती त्यांनी खाल्ली. हाड स्वच्छ केलं. मग फ्लॉवर परत मागितला, मागितला म्हणजे ताट पुढे केलं. भाताची वाटी शेवटी ओतली, सोलकढीत कालवली, संपली. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, "अजून भात." नाही म्हणाले. मी विचारलं, कशी झाली? म्हणाले, "मीठ जरा जास्त."

दोन तासांनी साखर मोजली. १५६. तीन वाट्यांच्या दिवसात याच वेळी २३०-२४० दिसायची. एका रात्रीचा एक आकडा आहे, त्यावर काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण तो आकडा बाबांनी स्वतः वहीत लिहिला, एसटीच्या जुन्या डायरीत, लॉगशीट भरायचे तसा. वेळ, जेवण, आकडा. तेव्हापासून ते रोज लिहितात. गेल्या आठवड्यात एचबीएवनसी ७.४ आलं. गोळी, चालणं, जेवण सगळ्यांचं मिळून. कोंबडीला सगळं श्रेय देऊ नका.

आणि रोज कोंबडी नसते हो. बाकी दिवशी मिरकरवाड्याचा बांगडा तव्यावर, अंडी, वालाची उसळ, पडवळ, दुधी. भात एक वाटी. कधी दीड होते. दीड झाली की बाबा वहीत दीड लिहितात. लपवत नाहीत. मला त्याचंच जास्त बरं वाटतं.

तर मंडळी, घरच्यांचं ताट बदलायचं असेल तर तीन कामं, याच क्रमानं. आधी डॉक्टरांना विचारा. मग ज्याचं ताट आहे त्याला विचारा. आणि काही काढायच्या आधी त्या जागी काय ठेवणार ते शिजवून बघा. मी हे उलट्या क्रमानं केलं आणि अडीच वाजता घरात "गाडी बाजूला घे" ऐकलं. तुम्ही ऐकू नये म्हणून हा भाग.

तुमच्या दारात कुठला पाला आहे ते मला लिहून पाठवा. हळदीचं पान, भांबुर्डा, आणखी काही. पुढच्या रविवारी आईनं परवानगी दिली तर एखादा करून बघीन.

भेटू पुढच्या भागात. मीठ थोडं कमी घाला.